घोडी दगावली, मन कसे सावरावे?

काही दिवसांपूर्वी दवाखान्यात पन्नाशीचे एक गृहस्थ आले. छातीत धडधड होते, रात्री झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, अशी तक्रार होती. लग्नाच्या वरातीला घोडी देण्याचा त्यांचा पिढीजात व्यवसाय. रक्तदाब थोडा वाढलेला होता. कार्डिओग्राम काढला, तो व्यवस्थित निघाला. ‘‘घरात काही काळजी आहे का?’’ असे विचारताच त्यांनी मान खाली घातली. बरोबर आलेली पत्नी म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, आज बारा दिवस झाले आमची घोडी जाऊन. तेव्हापासून हे असंच चाललंय. पहाटे चारला उठतात आणि रिकाम्या तबेल्यात जाऊन बसतात.’’

हळूहळू सगळी हकीगत कळली. त्या दिवशी संध्याकाळी घोडी बेचैन झाली. सारखी उठबस करू लागली, वळून पोटाकडे पाहू लागली. पशुवैद्यांना बोलावले. त्यांनी इंजेक्शन दिले, नाकातून नळी घातली, सलाइन लावले. रात्री दोनच्या सुमारास घोडीची तडफड थांबली आणि ती शांत उभी राहिली. सर्वांना हायसे वाटले. हे गृहस्थ चहा घ्यायला घरात गेले. परत येऊन पाहतात तो घोडीला दरदरून घाम सुटलेला आणि पाय लटपटत होते. अर्ध्या तासात ती गेली.

‘‘मी चहाला गेलो नसतो तर? इंजेक्शन तर चुकलं नसेल? दुपारी चंदी दोन मुठी जास्त घातली ती मीच,’’ असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग हळूच म्हणाले, ‘‘लोक म्हणतात, जनावर तर होतं. माझंच काही बिघडलंय का?’’

त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. परंतु टांगा, वरात, शर्यत किंवा पर्यटकांची सवारी यांवर ज्यांचे घर चालते, अशा अनेकांना या प्रसंगातून जावे लागते. म्हणून आज या विषयावर चार शब्द.

शांत झालेली घोडी का गेली?

घोड्याचे पोट दुखणे, म्हणजेच पोटशूळ, हे घोड्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. याचे मूळ घोड्याच्या शरीररचनेतच आहे. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर त्या मानाने लहान असते. त्यात साधारण ८ ते १५ लिटर एवढेच मावते. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला जेथे मिळते तेथील स्नायूंची झडप इतकी घट्ट असते की आत गेलेले सहसा वर येत नाही. माणसाला अपचन झाले तर उलटी होऊन मोकळे वाटते. घोड्याच्या जठरात मात्र वायू आणि पाणी साठत जाते, ताण वाढतो आणि वेळेवर मोकळे झाले नाही तर जठर फुटते. नाकातून नळी घालतात ती हा ताण कमी व्हावा म्हणूनच.

दुसरी अडचण मोठ्या आतड्याची. ते लांब आणि जाड असते, पण पोटात बऱ्याच अंशी मोकळेच असते. त्यामुळे ते जागा सोडते, कधी त्याला पीळ पडतो. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच आतड्याचा तो भाग मरू लागतो. आतड्यातील जंतूंचे विष रक्तात उतरते, रक्तदाब कोसळतो आणि हृदय थकते. अशा वेळी शस्त्रक्रिया हाच उपाय उरतो. ती सोय मोजक्या मोठ्या शहरांतच आहे आणि तेथे वेळेत पोचूनही सगळीच जनावरे वाचत नाहीत.

आता त्या ‘शांत’ होण्याविषयी. जठर फुटले की आतील ताण एकदम नाहीसा होतो आणि घोड्याला काही काळ आराम पडल्यासारखे दिसते. पाहणाऱ्याला वाटते की औषध लागू पडले. प्रत्यक्षात तेव्हा शेवटाची सुरुवात झालेली असते. आमच्या या गृहस्थांच्या घोडीचे शवविच्छेदन झाले होते आणि अहवालात जठर फुटल्याची नोंद होती. ते चहाला गेले नसते तरी त्या अर्ध्या तासात कोणाच्याही हाती काही उरले नव्हते. ही गोष्ट त्यांना चित्र काढून समजावून सांगितली, तेव्हा बारा दिवसांत पहिल्यांदाच ते मोकळेपणी रडले.

दोष इंजेक्शनचा का?

इंजेक्शननंतर जनावर गेले की संशय इंजेक्शनवर जातो. पेनिसिलिनसारख्या औषधाची तीव्र प्रतिक्रिया घोड्यात क्वचित येते, हे खरे. मानेच्या शिरेत द्यायचे औषध चुकून शेजारच्या रोहिणीत गेले तर जनावर जागीच कोसळू शकते, हेही खरे. परंतु अशा गोष्टी बहुधा काही सेकंदांत किंवा मिनिटांत घडतात. इंजेक्शननंतर चार-सहा तासांनी जनावर गेले तर मूळ आजारच बळावला असण्याची शक्यता अधिक असते.

संशय मनात ठेवून तो कुढत बसू नये आणि चावडीवर बसून डॉक्टरांना शिव्याही देऊ नयेत. आठवडाभराने त्यांना शांतपणे भेटावे आणि तीन प्रश्न विचारावेत. तुम्हाला काय आजार वाटला? कोणती औषधे दिली आणि कशासाठी? पुढच्या वेळी मी काय लवकर ओळखावे? समाधान झाले नाही तर शवविच्छेदनाचा अहवाल दुसऱ्या पशुवैद्यांना दाखवावा. चूक झाली असेल तर दाद मागण्यासाठीही हाच कागद उपयोगी पडतो.

पहिले काही तास

दुःखाच्या भरात कामे सुचत नाहीत. अशा वेळी शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाने पुढे व्हावे.

१) मृत्यूचे कारण जाणून घ्यायचे असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवून शवविच्छेदन करून घ्यावे. आपल्याकडच्या उन्हात शव लवकर फुगते आणि उशीर झाला की निदान कठीण होते.

२) नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल तर शव उघडू नये. फाशी (काळपुळी) हा रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर गाठी व जखमा असतील तर ग्लँडर्सचा संशय घ्यावा. हाही माणसाला होतो आणि कायद्याने कळवण्याजोगा रोग आहे. अशा जनावराची सेवा केलेल्या घरच्यांनी डॉक्टरांना तसे सांगावे.

३) विमा असेल तर विल्हेवाट लावण्याआधी विमा कंपनीला कळवावे. फोटो, दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात.

४) शव उघड्यावर टाकू नये. विहीर, ओढा यांपासून दूर खोल खड्डा घेऊन पुरावे व वर चुना टाकावा. उपचारात दिलेली काही वेदनाशामक औषधे मांसात राहतात आणि ते मांस खाणारी गिधाडे मरतात. डायक्लोफिनॅक या औषधावर जनावरांसाठी २००६ साली बंदी आली ती याच कारणाने.

आणखी एक सांगावेसे वाटते. घोडीच्या मानेचे चार केस, नाल किंवा घुंगूर ठेवून घ्यावासा वाटला तर संकोच करू नये. मात्र संसर्गजन्य रोगाचा संशय असेल तर आधी पशुवैद्यांना विचारावे.

हे दुःख खरेच असते

आपण दसऱ्याला घोड्याची पूजा करतो. जेजुरीचा खंडोबा घोड्यावर बसलेला असतो. वारीच्या रिंगणात अश्व धावला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. हळदीघाटात राणा प्रतापांच्या चेतकाचे स्मारक आजही उभे आहे. असे असून शेजाऱ्याची घोडी मेली तर आपण म्हणतो, ‘दुसरी घे, त्यात काय!’

माणूस गेला तर घरी लोक येतात, चूल बंद राहते, दहावे-तेरावे होते. या सगळ्यामुळे दुःखाला वाट मिळते. जनावर गेले तर यातले काहीच होत नाही आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागावे लागते. अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकाविषयी सविस्तर लिहिले. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही, ते आतल्या आत राहते आणि अधिक त्रास देते, असा त्याचा मथितार्थ. घोडेवाल्याच्या बाबतीत तर सोबती आणि कमाई दोन्ही एकाच रात्री जातात.

तेव्हा पहाटे चंदीच्या वेळेला जाग येणे, टापांचा किंवा खिंकाळण्याचा भास होणे, घशाशी आवंढा येणे, भूक मंदावणे, उगीच चिडचिड होणे, ही वेडाची लक्षणे नाहीत. मनाला लागलेल्या सवयी सुटायला वेळ लागतो. काही आठवड्यांत हा जोर बहुधा ओसरू लागतो. वर्षाने पहिली लग्नतिथी आली की पुन्हा उमाळा येईल, तेही स्वाभाविकच आहे.

मनाची टोचणी

‘मी असे केले असते तर’ हा विचार सर्वांत जास्त छळतो. अशा वेळी एक कागद घ्यावा. एका बाजूला त्या रात्री मला काय ठाऊक होते ते लिहावे, दुसऱ्या बाजूला आज काय ठाऊक आहे ते लिहावे. आपण स्वतःला शिक्षा करतो ती दुसऱ्या बाजूच्या ज्ञानावर. त्या रात्री डॉक्टर बोलावले, जागे राहिलो, पाणी दाखवले, हे पहिल्या बाजूला असतेच.

आता दोन मुठी चंदीविषयी. एकदम जास्त दाणा, चाऱ्यात अचानक बदल, कमी पाणी, पोटातील जंत, खराब दात, चाऱ्याबरोबर गेलेली वाळू, अशी पोटशूळाची अनेक कारणे आहेत आणि पुष्कळदा नेमके कारण सापडतच नाही. खरोखर चूक झाली असेल तर ती कबूल करावी आणि पुढच्या जनावरासाठी लक्षात ठेवावी. चारा-दाणा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा, पाणी नेहमी असावे, जंतांचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे. घोडे पोटाकडे पाहू लागले, पाय आपटू लागले, लोळू लागले, लीद बंद झाली तर घरगुती काढे पाजत बसू नये. निरोगी घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ती ६० च्या वर गेली तर एक मिनिटही दवडू नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

घरातली मुले आणि दुसरे जनावर

मुलांना ‘घोडी गावाला गेली’ असे सांगू नये. ती आजारी पडली, डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ती वाचली नाही, असे सरळ शब्दांत सांगावे. तबेल्यात दुसरे घोडे असेल तर तेही काही दिवस खिंकाळत राहते, चारा सोडते. त्याच्या खरारा-चंदीच्या वेळा मोडू नयेत. त्या निमित्ताने मालकालाही उठावे लागते आणि हा मोठा उपचार ठरतो. नवे जनावर घेण्याची घाई मात्र करू नये. पोटासाठी लवकर घ्यावे लागले तर त्यात जुनीशी बेइमानी नाही, हे मनाला बजावावे. संसर्गजन्य रोगाने मृत्यू झाला असेल तर तबेला निर्जंतुक करून पशुवैद्यांनी सांगितल्यावरच नवे जनावर आणावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

छातीत दुखणे, दम लागणे, डाव्या हाताला कळ येणे, याला ‘दुःखामुळे होतंय’ म्हणून अंगावर काढू नये. तीव्र मानसिक धक्क्याने हृदय तात्पुरते दुबळे पडू शकते, हे जपानमधील डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिले आहे. रक्तदाब, मधुमेह यांच्या गोळ्या अशा दिवसांत हमखास चुकतात; घरच्यांनी तिकडे लक्ष द्यावे. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नये. दारूने झोप तुटक होते आणि उदासी वाढते.

दोन-तीन आठवडे होऊनही झोप-भूक परत येत नसेल, कामावर जाता येत नसेल किंवा कर्जाच्या चिंतेने जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. जीव देण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. त्यावर मराठीतूनही बोलता येते.

आमच्या त्या गृहस्थांना झोपेची गोळी द्यावी लागली नाही. त्यांना दोन कामे सांगितली. एक, रक्तदाब दर आठवड्याला तपासणे. दुसरे, रोज संध्याकाळी पत्नीशी घोडीविषयी बोलणे. पण शेवटच्या रात्रीविषयी नाही, तिच्या चौदा वर्षांविषयी. महिन्याने ते आले तेव्हा रक्तदाब उतरला होता. म्हणाले, ‘‘अजून पहाटे जाग येते, डॉक्टर. पण आता तबेला झाडून काढतो.’’

आपल्या आळीत कोणाचे असे जनावर गेले तर ‘दुसरे घे’ म्हणू नका. जाऊन दोन मिनिटे बसा आणि तिचे नाव विचारा.