ईव्हीचा एसी रुसलाय?

गॅस भरायला पळण्याआधी जरा थांबा. गाडी इलेक्ट्रिक असेल तर एसीचं गणितच वेगळं आहे!

मे महिन्यातली दुपार. हिंजवडीच्या सिग्नलला गाडी अडकलेली. बाहेर चाळीस अंश आणि आत... आतही तेवढेच! इलेक्ट्रिक कार घेतली, पेट्रोलपंपाची रांग सुटली, क्लचची कटकट गेली; पण एसीतून गरम झळा यायला लागल्या की सगळा रुबाब घामात वाहून जातो. मग पहिला विचार काय येतो? कोपऱ्यावरच्या एसीवाल्याला गाठायचं, 'दादा, जरा गॅस मारून दे' म्हणायचं आणि अर्ध्या तासात मोकळं व्हायचं. पेट्रोल गाडीत हा फंडा कित्येकदा खपून जातो. ईव्हीत तोच जबर महागात पडू शकतो.

का बुवा?

पेट्रोल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. ईव्हीत इंजिनच नाही, म्हणून कॉम्प्रेसरच्या पोटातच इलेक्ट्रिक मोटर असते. ती चालते थेट मोठ्या बॅटरीवर, म्हणजे बहुतेक गाड्यांत ३०० ते ४०० व्होल्टवर. (तुमच्या घरातल्या प्लगमध्ये असतात २३०!) या मोटरभोवती गॅस आणि ऑइल खेळत असतं. त्यामुळे ईव्हीत साधारणपणे विजेला दाद न देणारं 'पीओई' जातीचं ऑइल वापरतात. पेट्रोल गाड्यांमध्ये सर्रास असतं ते 'पीएजी', आणि वीज रोखण्यात ते कच्चं. एसीवाल्याच्या मशिनच्या पाइपात आधीच्या गाडीचं ऑइल उरलेलं असेल आणि ते तुमच्या गाडीत गेलं, तर मोटरचं इन्सुलेशन ढासळू शकतं. गाडीची सुरक्षा यंत्रणा ते ओळखते आणि एरर दाखवते. काही वेळा तर गाडी सुरूच होऊ देत नाही. निघालात एसीसाठी आणि परतलात टोइंग व्हॅनमधून!

आणखी एक गोम आहे. लिक्विड कूलिंग असलेल्या बऱ्याच ईव्हींमध्ये एसीचाच गॅस बॅटरीही गार करतो. म्हणजे गॅस गळाला की घाम फक्त तुम्हालाच फुटतो असं नाही. फास्ट चार्जिंग मंदावतं, चढावर ताकद कमी मिळते. त्यामुळे 'चालवू की काच खाली करून' हे धोरण ईव्हीत फार दिवस चालवू नका.

आधी घरच्या घरी

घाबरू नका, प्रत्येक वेळी दुखणं मोठंच असतं असं नाही. एवढं तपासा :

- हवाच कमी येतेय? बहुतेकदा केबिन फिल्टर धुळीने गच्च झालेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे सापडतो. बदलायला दहा मिनिटं पुरतात.

- हवा अजिबात येत नाही? ब्लोअर साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याचा फ्यूज आणि ती छोटी बॅटरी तपासून घ्या.

- हवा भरपूर, पण कोमट? आधी इको मोड बंद करून बघा. चार्ज अगदी तळाला गेला की काही गाड्या एसीला स्वतःहून लगाम घालतात.

- पळताना गार, सिग्नलला गरम? समोरच्या कंडेन्सरचा पंखा फिरत नसेल किंवा जाळीत पानं-कचरा अडकला असेल. जाळी साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. प्रेशर जेट जवळून मारलात तर पातळ पत्रे वाकतात.

- पायाशी पाणी साचतंय? निचऱ्याची नळी तुंबली असेल. गाडीखाली पडणारं पाणी मात्र नॉर्मल!

आता छोटीशी परीक्षा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये अडकवा, रीसर्क्युलेशन चालू करा, गाडी सावलीत दहा मिनिटं ठेवा. बाहेर पस्तीस अंश असताना व्हेंटमध्ये दहा-बाराच्या आसपास आकडा दिसला तर एसी ठणठणीत आहे. वीसच्या पुढेच अडकला तर वर्कशॉप गाठा.

आणि हो, फास्ट चार्जिंग चालू असताना एसी थोडा ढिला पडला, पुढून पंख्याचा घरघराट आला, तर टेन्शन घेऊ नका. गाडी तेव्हा बॅटरीला गार करत असते, तुमचा नंबर दुसरा!

केशरी रंग दिसला की हात मागे

बॉनेटखाली जाड केशरी केबल दिसतात. त्या हाय व्होल्टेजच्या. तिथे ना तुमचा पाना, ना तुमच्या हुशार मित्राचा. गाडी बंद केली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं वीज शिल्लक राहू शकते. हे काम ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचंच.

वर्कशॉपमध्ये काय विचाराल?

'साहेब, गॅस संपलाय' असं ऐकलंत की पहिला प्रश्न : गेला कुठे? एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षा-दोन वर्षांत संपला, म्हणजे कुठेतरी लीक आहे. ते न शोधता भरलेला गॅस म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी! दुसरा प्रश्न : ऑइल कुठलं आणि मशिन ईव्हीसाठी वेगळं आहे का? तिसरा : गॅस किती ग्रॅम भरणार? गॅसचा प्रकार आणि वजन सहसा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. अंदाजपंचे भरणं नको. ही उत्तरं जॉबकार्डवर लिहून घ्या. वॉरंटीचा वाद निघाला तर हाच कागद कामाला येतो. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे म्हणजे कॉम्प्रेसरचीही तेवढीच असेल असं समजू नका. पुस्तिका उघडून बघा.

जाता जाता एक स्मार्ट सवय. उन्हात तापलेली केबिन गार करताना एसी सगळ्यात जास्त वीज ओढतो. तुमच्या गाडीच्या अ‍ॅपमध्ये सोय असेल, तर चार्जर लावलेला असतानाच, निघायच्या दहा मिनिटं आधी एसी सुरू करा. ती वीज भिंतीतून येते, रेंज शाबूत राहते आणि तुम्ही बसता थेट गारव्यात. ऑफिसात पोहोचाल तेव्हा शर्टची इस्त्रीही शाबूत!