कोयनेच्या कातळात तीन किलोमीटर खोल

'कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित.' पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला ही बातमी इतकी सवयीची झाली आहे की पान उलटताना ती नजरेखालून निघून जाते. पाटण, चिपळूण, शिराळा भागात कुणी तरी भांडी वाजल्याचे सांगते, कुणाला काही जाणवलेलेच नसते आणि दुपारपर्यंत विषय संपतो. भूकंपशास्त्रज्ञांच्या दृष्टीने मात्र असा प्रत्येक धक्का मोलाचा असतो. सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याशा पट्ट्यात साठ वर्षे धक्के बसत राहावेत, अशी जागा जगात शोधून सापडत नाही.

ही गोष्ट १९६२ च्या सुमारास सुरू झाली. शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि आजूबाजूच्या गावांना हादरे जाणवू लागले. म्हणून तिथे भूकंपमापक बसवण्यात आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर जमीनदोस्त झाले. धरणातल्या यंत्राने त्या पहाटे जमिनीला बसलेला जो हिसका नोंदवला, तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.६ पट होता. धरणाच्या आराखड्यात धरलेला हिसका होता ०.०५ पट. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. पुढे ते आणखी भक्कम करण्यात आले आणि ती नोंद जगभरचे धरण अभियंते आजही वापरतात.

भूकंप होतो तो भ्रंशावर. भ्रंश म्हणजे खडकातली अशी चीर, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकू पाहतात. घर्षणामुळे त्या अडकून बसतात, ताण साठत जातो आणि एके दिवशी पकड सुटते. कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास भ्रंश जमिनीवरून चालत पाहता येतो. तिथे चर खणून मातीचे थर कुठे तुटले आहेत ते तपासतात आणि त्यातल्या कुजलेल्या पालापाचोळ्याचे वय काढून हजार-दीड हजार वर्षांतले भूकंप मोजतात. कोयनेला ही पद्धत अपुरी पडते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ इथे अंथरलेला आहे, जवळपास एक किलोमीटर जाडीचा. भूकंप घडवणारे भ्रंश त्याखालच्या ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकात आहेत. १९६७ मध्ये जमिनीला भेगा पडल्या होत्या, पण खाली नेमके काय सरकले ते वरून कळत नाही.

मग ते कळते कसे? मुख्यतः कान देऊन. भूकंपाच्या दोन प्रकारच्या लहरी एकदमच निघतात. प्राथमिक लहर वेगवान, दुय्यम लहर मागून येते. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून वीज किती लांब पडली याचा अंदाज आपण करतो, तसेच इथे. दोन लहरींमधल्या अंतराचे सेकंद गुणिले आठ, की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळमानाने निघते. तीन सेकंदांचा फरक असेल तर साधारण २५ किलोमीटर. अशी अनेक ठिकाणची अंतरे जुळवली की केंद्र सापडते. पहिल्या लहरीने यंत्र वर ढकलले की खाली ओढले, हेही पाहतात. ठिकठिकाणच्या या नोंदी एकत्र केल्या की भ्रंशाची कोणती बाजू कुठे सरकली ते समजते. १९६७ च्या भूकंपात खडक आडवे, एकमेकांना समांतर सरकले होते. दक्षिणेला वारणा खोऱ्यात मात्र बरेचदा एक बाजू खाली घसरते. शेजारच्या दोन खोऱ्यांत खडकाची वागणूक निराळी आहे.

पण वर बसवलेल्या यंत्राला वाहनांचा, वाऱ्याचा, यंत्रसामग्रीचा गोंगाट ऐकू येतो आणि लाव्हाच्या थरांतून येताना लहरीही विस्कटतात. म्हणून यंत्रेच खाली उतरवायचे ठरले. सुमारे दीड किलोमीटर खोलीची अनेक विवरे खणण्यात आली आणि त्यांतल्या काहींमध्ये भूकंपमापक सोडण्यात आले. त्यानंतर गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. २०१७ मध्ये ते पूर्ण झाले. शेतातल्या बोअरशी तुलना केली तर खोलीचा अंदाज येईल. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची कराड इथली प्रयोगशाळा हे काम पाहते.

अशा विवरात नुसते ऐकत नाहीत. विवराचा एक तुकडा वरून-खालून बंद करून त्यात पाणी दाबतात. कोणत्या दाबाला खडक चिरतो, त्यावरून त्याच्यावर मुळात किती ताण आहे ते निघते. विवराची गोल भिंत ताणामुळे दोन बाजूंनी ढासळून लंबगोल होते. कोणत्या दिशेने ढासळली, त्यावरून ताणाची दिशा कळते. हे मला या सगळ्या खटाटोपातले सर्वांत सुंदर मोजमाप वाटते. त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, खडक आपणहून दिशा दाखवतो.

धरणाचे पाणी भूकंप 'तयार' करते, हा समज अर्धाच खरा आहे. ताण आधीपासून खडकात असतो. फटींतून झिरपणारे पाणी भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींपासून किंचित ढकलते आणि पकड सैल होते. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून लष्कराचे सांडपाणी एका खोल विहिरीत दाबले जात होते, तेव्हा हेच दिसले. हादरे सुरू झाले. १९६६ मध्ये पाणी सोडणे थांबवले, तरी मोठे धक्के १९६७ मध्ये आले, कारण आत गेलेला दाब पसरतच होता. कोयनेतही पावसाळ्यात जलाशय भरल्यावर आणि पुन्हा डिसेंबरच्या आसपास धक्के वाढतात. १९८५ मध्ये वारणा धरणात पाणी साठू लागले आणि पुढे हादऱ्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे पसरले.

आणखी एक समज गावोगावी ऐकू येतो: छोटे धक्के बसतात ते बरेच, ताण मोकळा होतो. गणित मात्र तसे सांगत नाही. तीव्रता एक अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. १९६७ एवढी ऊर्जा सोडायला ३ तीव्रतेचे सुमारे नव्वद हजार धक्के लागतील. सौम्य धक्क्याच्या भरवशावर मातीत रचलेली दगडी भिंत तशीच ठेवणे धोक्याचे आहे. पहाटेच्या अंधारात माणसे मरतात ती बहुधा अशाच भिंतींखाली, हे लातूर-धाराशिव भागाने १९९३ मध्ये पाहिले.

राहिला प्रश्न 'कधी?' हा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मे २००६ मध्ये छोट्या धक्क्यांचा पुंजका पाहून पंधरा दिवसांत ४ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप होईल असा अंदाज बांधला होता आणि पाचच दिवसांत ४.२ चा धक्का आला. अंदाज खरा ठरला, यात शंका नाही. पण कोयनेत एवढ्या तीव्रतेचे धक्के वारंवार येतात आणि त्यासाठी कुणाला घर सोडायला सांगावे लागत नाही. ६ च्या पुढच्या भूकंपासाठी असा इशारा देता येईल का, हे एका यशावरून ठरत नाही. चुकीच्या इशाऱ्यावर रिकामी केलेली गावे दुसऱ्या खेपेला हलणार नाहीत.

खोल विवरांतून आज मिळणारे उत्तर 'किती जोराने' या प्रश्नाचे आहे: कोणता भ्रंश किती लांब आहे, तो तुटला तर वरच्या गावात जमीन किती हिसका देईल. १९६७ मध्ये ०.०५ आणि ०.६ मधला फरक कळायला भूकंप व्हावा लागला होता. पाटण तालुक्यात आता शाळेची किंवा दवाखान्याची इमारत बांधताना तो आकडा आधीच हाती असू शकतो.