मंदीच्या दिवसांतील नवा बोलपट

शेतीप्रमाणेंच चित्रपटगृहांच्या धंद्यासही सुगी व मंदी असते. आपल्याकडे दिवाळी, नाताळ व मे महिन्याची सुटी हे सुगीचे दिवस होत. वार्षिक परीक्षा जवळ आल्या कीं घरोघरीं पुस्तकें उघडतात व चित्रपटगृहांतील खुर्च्या रित्या राहतात. जत्रांमागून फिरणारे तंबूंतील सिनेमे तर पावसाळ्यांत आपला पसाराच आवरून ठेवीत. अशा वेळीं एखाद्या नव्या चित्रपटाचा बोलबाला सुरू झाला म्हणजे तिकीटविक्यापासून दारवानापर्यंत सर्वांची आशा त्यावर जडते. ही आशा कशी उत्पन्न होते व ती कितपत खरी मानावी, याचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

अमेरिकेंतील ‘जॉज’ या चित्रपटाचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथें पूर्वी उन्हाळ्यांत लोक मोकळ्या हवेंत रमत व मोठे चित्रपट बहुधा नाताळासाठीं राखून ठेवीत. ‘जॉज’ही १९७४ च्या नाताळांत यावयाचा होता. परंतु चित्रीकरणास ५५ दिवसांऐवजीं १५९ दिवस लागले; खाऱ्या पाण्यानें यांत्रिक शार्क मासा वारंवार बिघडे. तेव्हां दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं मासा फारसा न दाखवितां त्याची चाहूलच दाखविण्याची युक्ति योजिली. मार्च १९७५ मध्यें डॅलस येथें निवडक प्रेक्षकांपुढें चित्रपट दाखवून त्यांचें मत अजमाविलें. पीटर बेंचली यांची मूळ कादंबरी आधींच लोकप्रिय झाली होती. मग दूरचित्रवाणीवर जाहिराती देऊन २० जून १९७५ रोजीं तो एकदम ४०० हून अधिक चित्रपटगृहांत लावला. तो उन्हाळाच सुगीचा ठरला, व पुढें मोठे चित्रपट उन्हाळ्यांत आणण्याची रीत पडली.

यावरून दिसतें कीं, मंदींत स्पर्धा थोडी असल्यानें चांगल्या कृतीस जागा मिळते. परंतु जाहिरात प्रेक्षकास दारापर्यंतच आणते, आंत त्याचें समाधान कृतीनेंच करावें लागतें. आपल्या मराठींतही दीर्घ मंदीनंतर ‘श्वास’ आला. दृष्टि गमावणार असलेला नातू व त्याचे आजोबा यांच्या त्या साध्या कथेस २००४ सालीं राष्ट्रीय सुवर्णकमळ जाहीर झालें. ‘श्यामची आई’ नंतर सुमारें ५० वर्षांनीं मराठीस तो मान मिळाला.

आतां पालकांस एक विनंति. हल्लीं पहिल्या तीन दिवसांच्या गर्दीवरून पुढील खेळ ठरतात. त्यामुळें परीक्षेच्या दिवसांत आलेला चांगला चित्रपट मुलांस सुटी होईपर्यंत टिकेलच असें नाहीं. म्हणून तो आधीं आपण पाहावा, आणि योग्य वाटल्यास मुलांस एक संध्याकाळ नेमून द्यावी. नेमून दिलेल्या एका संध्याकाळीनें अभ्यास बुडत नाहीं. महिनाभर त्याच्या जाहिराती पाहत बसल्यानें मात्र खात्रीनें बुडतो.