हवाल्याचा पैसा सीमा ओलांडत नाही

हवाला म्हटलं की डोळ्यांसमोर नोटांनी ठासून भरलेल्या बॅगा येतात. प्रत्यक्षात नोटा जिथल्या तिथे राहतात. खेड-श्रीवर्धनकडचा माणूस दुबईत दलालाला दिरहम देतो, दलाल मुंबईतल्या आपल्या माणसाला निरोप धाडतो. पैसे घेणाऱ्याने दहाच्या एका नोटेचा क्रमांक आधीच कळवलेला असतो. ती नोट दाखवली, क्रमांक जुळला, की रुपये हातात.

मग मुंबईवाल्याकडे हे रुपये येतात कुठून? खरी गोम इथे आहे. ज्याला बिनहिशेबी पैसा गुपचूप बाहेर न्यायचा असतो, तो मुंबईत रुपये देतो आणि दुबईत दिरहम उचलतो. घामाचे दिरहम करबुडव्याच्या पदरात पडतात आणि त्याचे काळे रुपये कोकणातल्या घरात येतात. सोन्याच्या आयातीवर कडक बंधनं होती तेव्हा याच दिरहमांतून दुबईत सोनं घेतलं जाई, चोरून मुंबईत आणलं जाई आणि ते विकून आलेले रुपये घरोघर पोचत. १९९२मध्ये अनिवासी भारतीयांना शुल्क भरून ५ किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली, आणि हा चोरटा मार्ग मंदावला. आता दलालांमधले हिशेब बहुधा आयात-निर्यातीची बिलं फुगवून किंवा दाबून फेडले जातात.

सगळं तोंडी चालतं, हेही खरं नाही. वही असते, फक्त सांकेतिक. १९९१च्या जैन हवाला प्रकरणात डायऱ्याच सापडल्या होत्या. नुसत्या नोंदींवरून कुणाला जबाबदार धरता येत नाही, स्वतंत्र पुरावा हवा, असं १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

हवाला म्हणजे दहशतवाद, हा समज ९/११ नंतर घट्ट झाला. पण त्या हल्लेखोरांना पैसा मुख्यतः बँकांमार्फतच गेला होता, असं अमेरिकेच्याच चौकशी आयोगाला आढळलं. तोवर, नोव्हेंबर २००१मध्ये, अमेरिकेने सोमाली लोकांची ‘अल बरकात’ ही पैसे पाठवणारी संस्था बंद पाडली होती. सोमालियात तेव्हा धड बँका नव्हत्या. परदेशातल्या मुलाच्या पैशावर चूल पेटणाऱ्या घरांनी ती किंमत मोजली, आणि तिची फारशी चर्चाही झाली नाही.

राहिला आपल्याकडचा सगळ्यात घातक गैरसमज: ‘कष्टाचा पैसा आहे, दुबईत हवाल्याला परवानगी आहे, मग भीती कसली?’ तिथे मध्यवर्ती बँकेकडे नोंदणी करून हा धंदा करता येतो, हे खरं. भारतात मात्र १९९९च्या ‘फेमा’ (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्यानुसार अधिकृत माध्यमाबाहेर परदेशातला पैसा स्वीकारणं हेच उल्लंघन आहे, दंड रकमेच्या तिपटीपर्यंत. एके काळी सरकारी दर आणि बाजारातला दर यांत मोठी तफावत होती, तेव्हा माणसं हवाल्याकडे वळली ते समजण्याजोगं होतं. १९९३मध्ये दर एक झाला. आज चार पैशांच्या फायद्यासाठी आयुष्यभराच्या कमाईचा पुरावाच हातचा जातो. घर घेताना, कर्ज मागताना बँक विचारते, ‘हे पैसे आले कुठून?’ आणि खरी मेहनत केलेल्या माणसाकडे दाखवायला एक कागद नसतो.