पेशींचा बांध आणि सर्पाचे विष

मृगाच्या सरी कोसळू लागल्या म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतकरी कुटुंबे भाताच्या खाचरांत उतरतात. रोपे उपटणे, चिखलणी, आवणी ही कामे अनवाणी पायांनी आणि उघड्या हातांनी चालतात. पुढे कापणी, भारे बांधणे व पेंढा रचणे यांचा हंगाम येतो. बिळांत पाणी शिरल्याने साप याच काळात बाहेर पडतात आणि बेडूक-उंदरांच्या मागे बांधावर, खळ्यावर व घराच्या पडवीपर्यंत येतात. डोळखांब-किन्हवलीच्या पाड्यांवर काय किंवा टोकावडे-धसईच्या वाड्यांवर काय, सर्पदंश हा शेतीच्या हंगामाबरोबर येणारा धोका आहे.

हा प्रश्न केवळ या दोन तालुक्यांचा नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. मृतांपैकी बहुसंख्य ग्रामीण भागातील होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उष्ण कटिबंधातील दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे.

मृत्यू टळला तरी हानी टळतेच असे नाही. दंश झालेल्या हाताचे वा पायाचे मांस सडते, बोट काढावे लागते, कधी पाऊल कायमचे अधू होते. आवणीवर जगणाऱ्या घराला ही हानी मोठी असते. हे का घडते व त्यात वेळेला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी आपल्या शरीरातील एका फारशा परिचित नसलेल्या द्रव्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पेशींच्या मधली जागा

शरीर पेशींचे बनलेले आहे, हे शाळेतील प्रत्येक विद्यार्थी जाणतो. परंतु पेशी भिंतीतील विटांप्रमाणे एकमेकींना नुसत्या टेकलेल्या नसतात. त्यांच्या मधल्या जागेत एक ओलसर, चिकट व लवचीक द्रव्य भरलेले असते. त्यात कोलॅजेन या प्रथिनाचे बळकट तंतू असतात, आणि तंतूंमधील जागा व्यापणारी जी द्रव्ये असतात, त्यांतील प्रमुख म्हणजे प्रोटिओग्लायकने.

नाव अवघड असले तरी रचना समजण्यास सोपी आहे. शिंदीची झावळी डोळ्यांसमोर आणावी. मधला कणा हा प्रथिनाचा, आणि त्याला फुटलेली पाती म्हणजे शर्करेच्या घटकांच्या लांब साखळ्या. सांध्यांतील कूर्चेत आढळणाऱ्या ॲग्रिकन या प्रोटिओग्लायकनाच्या एका कण्यावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या अशा सुमारे शंभर साखळ्या असतात. या झावळ्याही सुट्या नसतात. हायलुरॉनिक आम्ल नावाच्या एका फार लांब साखळीवर, दोरीला ओळीने झावळ्या बांधाव्यात तशा त्या बसविलेल्या असतात. हायलुरॉनिक आम्लाला स्वतःचा प्रथिनाचा कणा नसतो. कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून ते प्रथम वेगळे केले.

या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. समान भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे साखळ्या पसरून राहतात, आणि त्या भारापोटी क्षार व त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. त्यामुळे थोडे द्रव्य पुष्कळ पाणी धरून ठेवते. डोक्यावर मोळी घेऊन घाट चढणाऱ्या स्त्रीच्या गुडघ्यातील कूर्चा दाबली जाते व पुन्हा पूर्ववत होते, ती याच गुणामुळे.

प्रोटिओग्लायकने शरीरात इतरही कामे करतात. पेशींच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेटयुक्त प्रकार बाहेरचे रासायनिक निरोप पेशीपर्यंत पोहोचविण्यास साहाय्य करतात. पर्लेकन नावाचा प्रकार केशवाहिन्यांच्या भोवतीच्या पातळ आधारपटलात असतो व त्या नाजूक नळ्यांना आधार देतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे काम अडविण्याचे आहे. पाणी, मीठ, साखर असे लहान कण या जाळ्यातून सहज जातात. मोठे रेणू सावकाश सरकतात. शेतातील बांध जसा पाणी खाचरात धरून ठेवतो, तसा हा पेशींमधला बांध परके द्रव्य जागच्या जागी रोखून धरतो.

बांध फोडणारी विकरे

खेकड्याने बांधाला भोक पाडले की पाणी एका रात्रीत खालच्या खाचरात उतरते, हे भातशेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सापाचे विष नेमके हेच करते. विष हे एकच द्रव्य नसून अनेक प्रथिनांचे मिश्रण आहे. त्यांपैकी कित्येक विकरे, म्हणजे एन्झाइमे, असतात. त्यांतील हायलुरॉनिडेज हे विकर हायलुरॉनिक आम्लाची लांब साखळी तोडते. दोरी तुटली की झावळ्या विखुरतात, धरून ठेवलेले पाणी मोकळे होते, दाट द्रव्य पातळ होते आणि विषातील बाकीच्या घटकांना वाट मिळते.

ऊतींमध्ये द्रव्ये वेगाने पसरविणारा असा एक घटक असतो, हे फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स यांनी १९२८ साली प्राण्यांच्या ऊतींतून काढलेल्या अर्काच्या साहाय्याने दाखविले. पुढे १९३९ साली त्यांनी सर्पविषांतही तो असल्याचे प्रसिद्ध केले. त्याला 'पसरविणारा घटक' असेच नाव पडले. हेच विकर शुद्ध स्वरूपात व मोजक्या मात्रेत औषध म्हणूनही उपयोगी पडते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत भूल देणारे औषध भोवताली नीट पसरावे म्हणून ते त्यात मिसळतात. आपले शरीरही जुन्या साखळ्या तोडून नव्या घडवीत असते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १५ ग्रॅम हायलुरॉनिक आम्ल असते व त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा रोज बदलला जातो. शरीराचे हे काम मोजून-मापून चालते. विषाच्या कामाला असा धरबंध नसतो. शिवाय तुटलेले तुकडे स्वतःच दाह वाढवितात.

घोणस व फुरसे यांच्या विषात आणखी एका प्रकारची विकरे असतात. ती केशवाहिन्यांच्या आधारपटलातील कोलॅजेन व पर्लेकन कापतात. आधार सुटलेली केशवाहिनी आतल्या रक्ताच्या दाबाने फाटते व रक्त ऊतींत झिरपते. याच वेळी विषातील दुसरे घटक रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडवितात. एकीकडे भोक पडते आणि दुसरीकडे ते बुजविण्याची सोय संपते. नागाच्या विषातील पेशीनाशक प्रथिनांवर धन विद्युतभार असल्याने ती पेशींवरील ऋणभारित हेपरान सल्फेटला चिकटतात. नागाच्या दंशाभोवतीचे मांस काळे पडून मरते, त्यात या प्रथिनांचा मोठा वाटा आहे.

मण्यारीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या दंशाच्या जागी सूज किंवा वेदना जवळजवळ नसते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश झाल्याचे कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे व गिळणे अवघड होते आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून 'सूज नाही, तेव्हा विष नाही' हा समज घातक आहे.

प्रतिविष काय करते आणि काय नाही

सर्पदंशावर सिद्ध झालेला विशिष्ट उपचार एकच, तो म्हणजे प्रतिविष. घोड्यांना विषाच्या वाढत्या, सोसतील अशा मात्रा देऊन त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून ते बनवितात. परळ येथील हाफकिन संस्थेची स्थापना १८९९ साली झाली आणि या क्षेत्रातील तिची परंपरा महाराष्ट्राला भूषणावह आहे. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते. त्यामुळे साप मारून रुग्णालयात नेण्याची आवश्यकता नाही. तसे करताना दुसऱ्या माणसाला दंश होण्याचा संभव मात्र असतो.

मात्रेचा हिशेब जाणून घेण्यासारखा आहे. १० मिलिलिटरच्या एका कुपीने घोणशीचे अथवा नागाचे ६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचे अथवा फुरशाचे ४.५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होते. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. ८ ते १० कुप्यांची प्रारंभीची मात्रा उपचारपद्धतीत आली ती या हिशेबाने. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढीच मात्रा देतात, कारण समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही.

प्रतिविष फिरत्या विषाला पकडते. तुटलेल्या साखळ्या मात्र ते जोडीत नाही, फाटलेली केशवाहिनी शिवीत नाही आणि मेलेले मांस जिवंत करीत नाही. बांध फुटून वाहून गेलेली माती जशी परत आणता येत नाही, तसेच हे आहे. प्रतिविष लवकर मिळाले तर पुढची हानी थांबते. उशीर झाला तर झालेली हानी राहतेच. वेळेचे मोल ते एवढ्यासाठी.

बांधणे, कापणे आणि मुळी

ही रचना ध्यानी आली की परंपरेने चालत आलेले काही उपाय का टाळावेत, हे आपोआप स्पष्ट होते. करकचून दोरी बांधल्याने बांध फोडणारी विकरे एकाच जागी कोंडली जातात, रक्तपुरवठा तुटतो व तेथील मांस लवकर मरते. शिवाय दोरी एकदम सोडल्यास साचलेले विष अकस्मात शरीरात जाते. दंशाची जागा कापल्याने किंवा चोखल्याने ऊतींत पसरलेले विष बाहेर येत नाही. रक्त गोठत नसेल तर ती जखम वाहतच राहते.

वनस्पतींविषयीही स्पष्ट बोलणे बरे. म्हैसूर विद्यापीठातील जीवरसायन शास्त्रज्ञांनी २००४ साली लाजाळूच्या मुळीचा अर्क भारतीय सर्पविषांतील हायलुरॉनिडेज व प्रथिने तोडणारी विकरे यांना रोखतो, असे प्रयोगाने दाखविले. हे संशोधन मोलाचे आहे. परंतु तेथे विष व अर्क प्रयोगशाळेत मोजून एकत्र आणलेले होते. मुळी उगाळून लावल्याने किंवा पाजल्याने तोच अर्क शरीरात खोलवर पसरलेल्या विषापर्यंत योग्य प्रमाणात पोहोचतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मुळी शोधण्यात गेलेला एक तास प्रतिविषाच्या उपयोगातून वजा होतो.

गावाने करावयाचे काम

परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी पालघर जिल्ह्यातील डहाणू गटात आदिवासी समाज व आरोग्य कर्मचारी यांच्या सर्पदंशविषयक समजुतींचा अभ्यास करून तो २०२१ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर आरोग्ययंत्रणेची क्षमता वाढविण्यासाठी महाराष्ट्र व ओडिशातील निवडक गटांत राष्ट्रीय सर्पदंश प्रकल्प आखण्यात आला, त्यात शहापूर गटाचा समावेश आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाचे रुग्ण व मृत्यू यांची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळविले. या प्रयत्नांचे यश गावपातळीवरील पहिल्या अर्ध्या तासावर अवलंबून आहे.

दंश होताच माणसाला धीर द्यावा व चालू देऊ नये. विषाचे मोठे रेणू प्रामुख्याने लसीकावाहिन्यांतून पुढे सरकतात आणि स्नायूंची हालचाल त्या वाहिन्यांना पंपासारखी चालना देते. म्हणून मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी किंवा बांबूची कामटी लावून तो अवयव स्थिर ठेवावा. सूज चढण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढावेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पाड्यापर्यंत ती येत नसेल तर डोली करून रुग्णाला डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे. रुग्णालयात साध्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे पाहतात. तेवढ्यावरूनही विषाची दिशा कळते.

ग्रामपंचायत सदस्यांनी आवणीपूर्वीच्या ग्रामसभेत कोणत्या केंद्रात प्रतिविष उपलब्ध आहे याची विचारणा करून ती माहिती चावडीच्या फलकावर लिहावी आणि रात्री-अपरात्री वाहन देणाऱ्यांची नावे निश्चित करावीत. भगताला दूर लोटण्यापेक्षा रुग्णाला प्रथम दवाखान्यात धाडण्याच्या कामी त्याचे वजन वापरावे. शिक्षकांनी आश्रमशाळांतून चारही सापांची चित्रे लावावीत, रात्री विजेरी वापरण्याची, खाटेवर किंवा मच्छरदाणी नीट खोचून झोपण्याची सवय मुलांना लावावी, आणि पेशींच्या धड्याबरोबर पेशींमधल्या या बांधाचीही गोष्ट सांगावी. भाताच्या खाचरात वाढलेल्या मुलाला बांध फुटला तर धावत जावे लागते, हे ठाऊक असते. शरीरातल्या बांधाच्या बाबतीतही तशीच धाव घ्यावयाची असते, आणि ती दवाखान्याच्या दिशेने, एवढे त्याच्या मनावर ठसले तरी या विषयाचे शिक्षण सार्थकी लागेल.