ओसाका नगरातील प्रेक्षणीय वास्तूंचे वय

ओसाका नगरास भेट देणारा प्रवासी बहुधा प्रथम तेथील दुर्गाकडे वळतो. उंच दगडी जोत्यावर उभा असलेला, पांढऱ्या भिंतींचा, हिरव्या छपरांचा आणि माथ्याच्या मजल्यावर सोनेरी वाघ मिरविणारा मनोरा त्यास दिसतो. सोळाव्या शतकातील तोयोतोमी हिदेयोशीची वास्तू आपण पाहत आहोत, अशी त्याची समजूत होते. आत शिरताच लिफ्ट दृष्टीस पडते व त्या समजुतीस तडा जातो. हा मनोरा १९३१ साली पोलाद व काँक्रीट यांनी बांधलेला आहे. तेव्हा ही केवळ नक्कल होय, असे ठरवून पुष्कळजण परत फिरतात. हा निर्णय घाईचा आहे, असे आम्हांस वाटते.

जपानी दुर्गाच्या मध्यभागी जो बहुमजली मनोरा असतो त्यास ‘तेन्शु’ म्हणतात. ओसाका येथे आजवर तीन तेन्शु झाले. हिदेयोशीने १५८३ मध्ये दुर्गाचे काम आरंभिले. त्याचा तेन्शु १६१५ च्या वेढ्यात भस्मसात झाला. विजयी तोकुगावा घराण्याने १६२० पासून दुर्ग नव्याने उभारला व १६२६ मध्ये दुसरा तेन्शु पुरा केला. १६६५ मध्ये वीज पडून तोही जळाला. त्यानंतर २६६ वर्षे जोते रिकामेच होते. म्हणजे पहिला तेन्शु सुमारे ३० वर्षे टिकला, दुसरा ३९ वर्षे. तिसरा, ज्यास आपण नक्कल म्हणतो तो, नव्वदीच्या पुढे गेलेला असून दोन्ही पूर्वजांच्या एकत्रित आयुष्याहून अधिक जगला आहे.

खरे जुने पाहावयाचे असेल तर मनोऱ्याऐवजी दगडांकडे पाहिले पाहिजे. तट आणि जोती तोकुगावांच्या काळची आहेत. त्यांचे बांधकाम निरनिराळ्या सरदारांवर वाटून दिलेले होते, आणि अनेक दगडांवर त्यांच्या खुणा आजही कोरलेल्या दिसतात. साकुरा दरवाजाच्या आतील ‘ताको-इशि’ म्हणजे ‘अष्टपाद शिला’ हा दगड ओकायामाच्या सरदाराने आणविला. त्याचे दर्शनी क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस मीटर आणि वजन अंदाजे १०८ टन आहे. असे दगड समुद्रमार्गे आणण्यात संरक्षणापेक्षा निष्ठेचे प्रदर्शन अधिक होते, हे उघड आहे. हिदेयोशीचे बांधकाम तर तोकुगावांनी मातीखाली गाडूनच टाकले होते. ते कोठे आहे हे विसरले गेले. १९५९ च्या संशोधनात त्याचे तट जमिनीखाली कित्येक मीटर खोल सापडले. २०२५ पासून त्यांचा एक भाग प्रेक्षकांना खाली उतरून पाहता येतो. ज्याच्या नावाने दुर्ग ओळखला जातो त्याची खरी खूण अशी पायाखाली आहे.

आता तिसऱ्या मनोऱ्याविषयी. सम्राटांच्या राज्याभिषेकाचे स्मारक म्हणून तो बांधावा, अशी सूचना महापौर सेकी हाजिमे यांनी १९२८ मध्ये मांडली. नागरिकांनी अल्पावधीत १५ लक्ष येन जमविले. परंतु दुर्गाची भूमी सैन्याच्या ताब्यात होती. ती उद्यानासाठी मिळावी म्हणून सैन्याला नवे मुख्यालय बांधून देणे भाग पडले, व निम्म्याहून अधिक रक्कम त्या मुख्यालयावरच खर्च झाली. शेजारी सैन्याचा शस्त्रनिर्मितीचा मोठा कारखाना होता. १४ ऑगस्ट १९४५ रोजी, शरणागतीच्या घोषणेच्या आदल्याच दिवशी, त्या कारखान्यावर प्रचंड बाँबवर्षाव झाला. तेन्शु बचावला, पण जोत्याचे काही दगड सरकले. ते सरकलेलेच आहेत. १९९७ मध्ये शासनाने या इमारतीची नोंद सांस्कृतिक संपत्ती म्हणून केली, ती १९३१ ची इमारत म्हणूनच. तिच्या रूपात मात्र एक दोष आहे: खालचे मजले तोकुगावा शैलीचे आणि वरचा मजला तोयोतोमी शैलीचा. असा तेन्शु इतिहासात कधीच नव्हता. हा दोष मान्य करूनही नागरिकांच्या वर्गणीचा आणि सैन्याशी केलेल्या सौद्याचा पुरावा म्हणून ही वास्तू आम्हांस अस्सल वाटते.

नगराच्या दक्षिण भागातील ‘त्सुतेन्काकु’ मनोऱ्याची कथा याच जातीची आहे. १९१२ मध्ये पॅरिसच्या धर्तीवर उभारलेला पहिला मनोरा १९४३ च्या आगीनंतर मोडण्यात आला व त्याचे लोखंड युद्धासाठी दिले गेले. सध्याचा १९५६ चा. त्याच्यासाठी भांडवल उभे केले ते त्या वस्तीतील रहिवाशांनी व दुकानदारांनी. आराखडा नाइतो ताचू यांचा, ज्यांनी पुढे तोक्योचा प्रसिद्ध मनोराही रचिला.

जपानमध्ये वास्तू नव्याने बांधण्याची परंपराच आहे, असे सांगून येथे इसे येथील देवस्थानाचा दाखला दिला जातो. तो गैरलागू आहे. इसेचे मंदिर साधारण वीस वर्षांनी पुन्हा बांधतात ते त्याच जातीच्या लाकडात व त्याच सुतारी रीतीने. तेथे कारागिरीची परंपरा अखंड असते. ओसाका येथे तीच तुटलेली आहे.

त्सुतेन्काकुपासून पायी गाठता येणाऱ्या शितेन्नो-जी या मंदिरात हे विशेष जाणवते. राजपुत्र शोतोकुने ५९३ मध्ये त्याची स्थापना केली असे मानतात. तेथील पॅगोडा १९३४ च्या वादळात कोसळला, १९४० मध्ये पुन्हा उभा राहिला आणि १९४५ च्या मार्चमध्ये हवाई हल्ल्यात जळाला. लाकडाचा असा दोनदा नाश पाहिल्यानंतर १९६३ मध्ये पूर्ण झालेली पुनर्रचना काँक्रीटमध्ये झाली, यात नवल नाही. सुतारी गेली, आराखडा मात्र राहिला. मध्यद्वार, पॅगोडा, मुख्य मंदिर आणि प्रवचनगृह ही दक्षिणोत्तर एका सरळ रेषेत उभी आहेत, आणि जपानमधील अतिप्राचीन बौद्ध मंदिररचनेचा अभ्यास करणाऱ्यास ही रेषा प्रत्यक्ष चालून पाहता येते.

याच मंदिराच्या पश्चिमेस १२९४ मधील दगडी तोरण, म्हणजे ‘तोरिई’, आहे. ते अस्सल जुने आहे, आणि प्रवासी त्याच्याखालून सहसा न थांबता जातात. पूर्वी येथून समुद्र दिसे. विषुवदिनी तोरणाच्या चौकटीत मावळणारा सूर्य पाहून अमिताभ बुद्धाच्या पश्चिमेकडील सुखावतीचे ध्यान करीत. समुद्र भरावामुळे दूर गेला आहे व मध्ये इमारती आल्या आहेत. तरीही विषुवदिनी सायंकाळी तेथे भाविक जमतात.