प्रोसेसरांची मोजदाद

माणिकगड पहाडावरील जिवतीसारख्या तालुक्यातून आलेल्या रुग्णाची जुनी नोंद खिडकीवर वेळेत मिळाली नाही, की ‘सर्व्हरला आणखी प्रोसेसर हवेत’ अशी मागणी कोणत्याही विश्वस्त मंडळापुढे येते. हा खर्च देणगीतून व्हावयाचा असल्याने मोजणीची रीत देणगीदारांनीही जाणून घ्यावी.

मोठ्या सर्व्हरचे स्वतंत्र विभाग पाडता येतात. आय.बी.एम.च्या २००४ सालच्या पॉवर-५ पासून एका प्रोसेसरचा दहावा हिस्साही एखाद्या विभागास देता येऊ लागला. फसगत होते ती येथेच. विभागास हमीने अर्धाच प्रोसेसर मिळालेला असतो; तो एक आभासी प्रोसेसर म्हणून मांडला जातो; आणि त्यावर दोन कामे एकाच वेळी चालत असल्याने पडद्यावर आकडा उमटतो २. पुढे २०१४ सालच्या पॉवर-८ मध्ये तोच आकडा ८ पर्यंत जातो, हिस्सा मात्र अर्धाच!

एआयएक्स प्रणालीत ‘एलपारस्टॅट’ ही आज्ञा ‘आय’ या पर्यायासह दिल्यास हमीची क्षमता, आभासी प्रोसेसर व संपूर्ण यंत्रातील प्रत्यक्ष प्रोसेसर निरनिराळे दिसतात. यंत्रातील क्षमता विनावाटप पडून असेल, तर खरेदीऐवजी वाटपच बदलता येते. काही सॉफ्टवेअरचे परवानाशुल्कही प्रोसेसरांच्या संख्येवर ठरते. तेव्हा देयकात यांपैकी कोणती संख्या धरली आहे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.